साथीचा हात

मास्तरांचा सोलो नुकता कुठे रंगात येत होता आणि नेमका त्याच वेळी दादांनी सॅक्सोफोन तोंडाला लावला.

दादांचा सूर एकदा खोलीत शिरला की बाकीच्यांनी अंग चोरून बसायचं, हा जुना रिवाज. मास्तरांची बोटं पियानोवर आपोआप हलकी झाली. उभा बास वाजवणाऱ्या लंबूने डोळे उघडून दादांकडे पाहिलं आणि तो त्यांच्या चालीने चालू लागला. ड्रमवालीनेही ब्रश जरा मोकळे सोडले. दादा वाजवत होते छानच, आणि तेच तर दुखणं होतं. वाईट वाजवलं असतं तर मास्तरांनी हात वर करून रेकॉर्डिंगचा टेक थांबवला असता आणि कुणाला काही वाटलंही नसतं. इतकं छान वाजत असताना थांबवायचं कसं? मास्तर निमूटपणे शेवटपर्यंत साथ करत राहिले. शेवटचा सूर विरला तेव्हा काचेपलीकडून रेकॉर्ड कंपनीचा मालक अंगठा दाखवत होता. मास्तर त्याच्याकडे बघून कसंनुसं हसले.

"फारच सुंदर," स्पीकरमधून मालकाचा आवाज आला. "दादा, तुम्ही म्हणजे अजून तसेच आहात."

मास्तरांनी घसा साफ केला. "दादा, मध्ये माझी दोन आवर्तनं आहेत ना, त्यातलं दुसरंही माझंच आहे. म्हणजे तुम्ही मुखडा वाजवायचा, मग मी, मग लंबूचा बास, आणि मग पुन्हा तुम्ही."

"माहीत आहे की मला," दादा म्हणाले.

"मग अजून एकदा घेऊ या?"

"घे की. आज तू सांगायचं, आम्ही ऐकायचं." दादांनी रुमालाने कपाळ पुसलं. खोलीत उकडत होतं, कारण एसी चालू ठेवला की त्याची घरघर माईकमध्ये येई. रेकॉर्डिस्ट बाई टेक सुरू होण्याआधी तो बंद करायच्या आणि मास्तरांच्या शर्टाची पाठ पुन्हा भिजू लागायची.

मास्तर म्हणजे कुठल्या शाळेतले मास्तर नव्हेत. सकाळी लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या कंटाळलेल्या मुलांना पियानो शिकवायचे, म्हणून मास्तर. संध्याकाळी एका हॉटेलच्या लॉबीत वाजवायचे, तिथे लोक त्यांच्याकडे पाठ करून जेवायचे. आणि केस काळे होते तेव्हापासून ते दादांच्या बँडमध्ये होते. दादांना जॅझ ऐकणारे सगळे ओळखत. मास्तरांना जॅझ वाजवणारे सगळे ओळखत. साथ कशी करावी तर मास्तरांसारखी, असं म्हणत. सोलो घेणाऱ्याला काय हवं ते त्याच्या आधी यांना कळतं, असंही म्हणत. ज्याच्या त्याच्या अल्बमवर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत त्यांचं नाव असायचं आणि एकदोन ठिकाणी तर तेही चुकीचं छापलेलं होतं. मास्तरांनी कधी तक्रार केली नाही. तक्रार करणं त्यांना जमायचंच नाही, आणि न जमणाऱ्या गोष्टीला ते मनाचा मोठेपणा समजत आले होते.

आजचा अल्बम मात्र त्यांचा होता. वरच्या बाजूला, मोठ्या अक्षरांत, एकट्या मास्तरांचं नाव. साठीला टेकल्यावर का होईना, पण बँड त्यांचा, चाली त्यांनी निवडलेल्या, कुणी काय वाजवायचं ते सांगायचंही त्यांनीच. स्टुडिओ एका दिवसापुरता मिळाला होता. बाकीच्या चाली दुपारपर्यंत उरकल्याही होत्या. त्या जुन्या, सगळ्यांच्या हाताखालच्या, त्यात दादा पुढे असले तरी बिघडत नव्हतं. उरली होती ती एकच, मास्तरांची स्वतःची. काट्याचमच्यांच्या आवाजात, हॉटेलच्या लॉबीत, कुणी ऐकत नाही हे बघून त्यांनी ती तुकड्यातुकड्याने बांधली होती. तिला नावही नव्हतं. बायको तिला "तुझं ते संथ" म्हणायची. सकाळी दारात तिने सांगितलंही होतं, "आज तरी मागेमागे राहू नकोस बाबा. घरात राहतोस तेवढं पुरे."

पुन्हा टेक सुरू झाला. दादांनी मुखडा असा वाजवला की मास्तरांना आपलीच चाल नव्याने कळली. मग दादा बाजूला झाले आणि मास्तर सुरू झाले. पहिलं आवर्तन ते जरा जपून वाजवत, पुढच्या आवर्तनात काय सांगायचं त्याची नुसती तयारी. खरं काय ते दुसऱ्यात. इतकी वर्षं मनात घोळवलेलं सगळं तिथे येणार होतं. पहिलं आवर्तन संपत आलं, मास्तरांनी श्वास घेतला, आणि दादा आले.

त्यानंतरच्या टेकमध्येही आले. त्याच्या पुढच्याही.

"दादा," मास्तर म्हणाले. आवाज गोड ठेवता ठेवता त्यांचा जबडा दुखायला लागला होता. "तुम्ही पुन्हा आलात."

"आलो का?" दादा गोंधळून म्हणाले. "हो, आलो खरा."

"नका ना येऊ."

"बरं बाबा."

लंबूने बासच्या मानेवर हनुवटी टेकवून छताकडे बघायला सुरुवात केली. ड्रमवाली नखं बघू लागली. रेकॉर्डिस्ट बाईंनी सकाळीच सुचवलं होतं की दादांना बाजूच्या बंद केबिनमध्ये उभं करू, म्हणजे काही चुकलं तर त्यांचा आवाज वेगळा काढता येईल. तेव्हा मास्तरांनीच मोठ्या रुबाबात सांगितलं होतं, "छे छे, जॅझ असा भिंती घालून वाजवत नाहीत. एका खोलीत, एकमेकांचा श्वास ऐकू येईल असं बसायचं." बाईंनी खांदे उडवले होते. आता दादांचा सॅक्सोफोन पियानोच्या माईकमध्ये, ड्रमच्या माईकमध्ये, सगळीकडे भरून राहिला होता आणि काढायची काही सोय नव्हती. पुढारीपणाचा एकच हुकूम मास्तरांनी सोडला होता, तोही अंगाशी आला.

चहासाठी थांबले तेव्हा मालकाने मास्तरांना खांद्याला धरून बाहेरच्या बोळात नेलं. माणूस वाईट नव्हता. जॅझचे अल्बम काढून कुणाचं भलं होत नाही हे माहीत असूनही काढत होता, म्हणजे मुळात वेडाच होता.

"मास्तर, रागवू नका, पण एक सुचतंय," तो म्हणाला. "मी आत बसून सकाळपासूनचं सगळं ऐकतोय. हा अल्बम दादांचा वाटतोय हो."

मास्तरांनी हातातला चहा एका घोटात संपवला.

"चांगला झालाय, त्यात वाद नाही. त्यांनी बऱ्याच वर्षांत असं वाजवलेलं नाही. म्हणून म्हणतो, वर दादांचं नाव टाकू. खाली तुमचं, साथीला म्हणून. बारीक नाही, चांगलं ठळक टाकू. दुकानात चार लोक हातात तरी घेतील."

"अल्बम माझा ठरला होता," मास्तर म्हणाले.

"ठरला होता, मान्य. पण तुम्ही त्यात आहात कुठे? एक चाल दाखवा मला, जिच्यात तुम्ही पुढे आहात. एक दाखवा, मी तोंडातून शब्द काढणार नाही." त्याने चहाचा कप खिडकीत ठेवला. "ती शेवटची तुमची आहे म्हणता ना? मग तीच दाखवा. संध्याकाळपर्यंत आहे आपल्याकडे स्टुडिओ."

मास्तर बोळात एकटेच उभे राहिले. त्यांना राग आला होता आणि तो नक्की कुणाचा आलाय हे शोधायला फार वेळ लागला नाही. दादांचा. सगळं आयुष्य हा माणूस पुढे उभा राहिला आणि आपण त्याच्या पाठीकडे बघत वाजवलं. त्याच्या कोटाची मागची शिवण आपल्याला त्याच्या बायकोपेक्षा जास्त पाठ असेल. एक दिवस, फक्त एक दिवस मागितला, तर तेवढंही ह्याला सोडवत नाही. वय झालंय, विसरतो, हे सगळं ठीक. पण टाळ्या कुठे मिळतात ते बरं लक्षात राहतं. मास्तर असे मनातल्या मनात भांडत आत आले, आणि मनातलं भांडण आत येईपर्यंत तोंडावाटे बाहेर पडलं.

"दादा, तुम्ही हे मुद्दाम करताय का?"

दादा खुर्चीवर बसून सॅक्सोफोनची गळ्यातली पट्टी नीट करत होते. त्यांनी वर बघितलं.

"काय मुद्दाम?"

"माझ्या सोलोत घुसताय ते. एकदा झालं, दोनदा झालं, समजू शकतो. प्रत्येक वेळी? तिथेच? इतकी वर्षं तुमच्या मागे वाजवलं मी. कधी एक सूर पुढे सरकलो नाही. तुम्हाला ठसका लागला तरी मी चाल सांभाळून धरायचो. आणि आज माझ्या एका चालीत, माझ्या एका आवर्तनात तुम्हाला गप्प उभं राहवत नाही?"

मास्तर एवढं सलग बोलू शकतात हे लंबूलाही माहीत नव्हतं.

दादांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते खरोखरच बुचकळ्यात पडले होते. "अरे," ते म्हणाले, "तू बोलावतोस आणि मी यायचं नाही?"

"मी कुठे बोलावतोय?"

"बोलावतोस की. प्रत्येक वेळी. मी तर ठरवूनच उभा असतो, की आता नाही जायचं, मास्तर चिडलाय. आणि तू बोलावतोस. मला वाटतं, ह्याचा विचार बदलला वाटतं." दादांनी डाव्या हाताची तीन बोटं मांडीवर आपटली, एकेक करून, खालून वर. "हे नाही का वाजवत?"

मास्तरांनी ती बोटं पाहिली आणि ते तीन सूर लगेच ओळखले.

दादांना मध्यंतरी एक वाईट काळ आला होता. घरचं काही, तब्येतीचं काही, पण वाजवता वाजवता ते जागा चुकू लागले. चाल कुठवर आली आहे हेच त्यांना कळेनासं व्हायचं. एकदा भरल्या सभागृहात ते सॅक्सोफोन तोंडाशी धरून नुसते उभे राहिले होते आणि लोकांना वाटलं, काय संयम आहे. मास्तरांना मात्र त्यांचे कान मागून दिसत होते, लालबुंद झालेले. तेव्हा मास्तरांनी डाव्या हाताने खाली तीन सूर वाजवले, चढत गेलेले, आणि पुढे थोडी जागा मोकळी सोडली. या इथे, आत या. दादा आत आले आणि पुढे सुटले. त्या दिवसापासून मास्तर ते तीन सूर वाजवत आले. दादा सावरले तरी वाजवत राहिले. त्याबद्दल दोघं एकमेकांशी कधी अक्षर बोलले नाहीत. बोलण्यासारखं त्यात काय होतं? हात धरून रस्ता ओलांडून देणाऱ्याने ते बोलून दाखवायचं नसतं.

मास्तर काचेपलीकडच्या खोलीत गेले. "पियानोचा डाव्या बाजूचा माईक तेवढा ऐकवा," ते रेकॉर्डिस्ट बाईंना म्हणाले.

ते ऐकायची खरं म्हणजे गरज नव्हती. पहिल्या आवर्तनाच्या शेवटी, उजवा हात मोठ्या ऐटीत दुसऱ्या आवर्तनाकडे निघालेला असताना, डाव्या हाताने हळूच ते तीन सूर वाजवले होते. मागोमाग जागाही सोडली होती. आधीच्या टेकमध्ये होते. त्याच्या आधीच्या टेकमध्येही होते. यजमानाने स्वतःच दार उघडून या म्हणायचं आणि पाहुणा आत आला म्हणून त्याच्यावर ओरडायचं, असला हा प्रकार. मास्तरांना इतकी लाज वाटली की काचेपलीकडे बघवेना.

बाहेर येऊन ते दादांना म्हणाले, "चूक माझी होती."

"जाऊ दे रे. गरम फार होतंय सगळ्यांना," दादा म्हणाले.

पण चूक कळली म्हणून हात ऐकतो थोडाच? पुढच्या टेकमध्ये मास्तरांनी डाव्या हातावर असा पहारा ठेवला की उजव्याचं काय चाललंय तिकडे लक्षच राहिलं नाही. तीन सूर आले नाहीत, दादा आले नाहीत, दुसरं आवर्तन पूर्णच्या पूर्ण मास्तरांना मिळालं, आणि त्यांनी त्यात शिकवणीच्या पोराने घोकून आणलेला धडा वाजवावा तसं वाजवलं. रेकॉर्डिस्ट बाई स्पीकरवरून एवढंच म्हणाल्या, "बरोबर आहे." मालकाने घड्याळात पाहिलं. त्यानंतरच्या टेकमध्ये मास्तर पहारा विसरून जरा मोकळे झाले, चाल हाताला लागली, आणि तीन सूर वाजले. दादांनी सॅक्सोफोन उचलला, मध्येच आठवून खाली घेतला, पण तोवर अर्धामुर्धा सूर निसटला होता. मास्तरांनी दोन्ही हातांनी पियानोवर थाप मारली. त्या बेसूर दणक्याने ड्रमवाली दचकली.

हे असं होणार, हे त्यांना आता स्पष्ट दिसलं. दादा खोलीत आहेत तोवर मोकळं वाजवलं की हात त्यांना बोलावणार, आणि हात आवरला की वाजवण्यात जीव राहणार नाही. मार्ग एकच होता. तो सांगणं पुढारी म्हणून त्यांचं काम होतं आणि सकाळपासून ते त्याच कामापासून पळत होते. लंबू त्यांच्याकडे बघत होता. त्यालाही तो मार्ग दिसला असावा, कारण त्याने नजर चुकवली.

"दादा," मास्तर म्हणाले. त्यांनी या वेळी घसा साफ केला नाही. "ह्या चालीत तुम्ही नको."

"म्हणजे?"

"म्हणजे मुखडाही मीच वाजवतो. आम्ही तिघंच वाजवतो. तुम्ही आत काचेपलीकडे बसा."

दादांच्या पापण्या जरा लवल्या. आजवर त्यांना कुठल्या बँडने बाहेर बसवलेलं नव्हतं. ते मोठ्याने काही बोलले असते, निघून गेले असते, तर मास्तरांना सोपं गेलं असतं. पण ते खुर्चीचा आधार घेऊन उठले, सॅक्सोफोन गळ्यातच राहू दिला, आणि म्हणाले, "मुखडा घाईत घेऊ नकोस. तू मुखड्यात नेहमी घाई करतोस."

"नाही करणार."

जड दार त्यांच्यामागे बंद झालं. रेकॉर्डिस्ट बाईंनी एसी बंद केला. मास्तरांनी पायाने ठेका धरला, हळू, मनात होता त्याहून थोडा हळू, आणि मान हलवून लंबूला आत घेतलं.

मुखडा एकट्या पियानोवर उघडा वाटला. दादांच्या सुराला जो उबदारपणा होता तो त्यात नव्हता. पण तो त्यांचा होता, लॉबीत बांधलेला तसाच, थोडा अडखळणारा, कुणी ऐकत नाही असं धरून चाललेला. लंबू जवळ सरकला. ड्रमवालीने ब्रश नुसते फिरवत ठेवले. पहिलं आवर्तन आलं. मास्तरांनी या वेळी कशावरच पहारा ठेवला नव्हता. राखायचं कुणापासून? पहिलं आवर्तन संपत आलं आणि डाव्या हाताने ते तीन सूर वाजवले, खालून वर, रोजच्यासारखे. पुढे जागा सोडली.

कुणी आलं नाही.

बासचा एक सूर गेला, ब्रशची एक फेरी गेली. त्या रिकाम्या जागेत मास्तरांना आपल्याच पेडलची कुरकुर ऐकू आली. त्यांनी मान वर केली. काचेपलीकडे दादा खुर्चीत पुढे वाकून बसले होते. त्यांची छाती वर आली होती, बोटं सॅक्सोफोनच्या चाव्यांवर बरोबर जागेवर होती. सॅक्सोफोन मात्र मांडीवरच होता. त्यांनी तो भरलेला श्वास तसाच धरून ठेवला, मग नाकाने हळूहळू सोडला.

मास्तर जरा उशिराच आत आले. जिथे दादा यायचे तिथूनच आले. काय वाजवायचं ते इतकी वर्षं ठरवून ठेवलं होतं, त्यातलं फारसं काही त्यांनी वाजवलं नाही. जे आलं ते साधं होतं, थोडं रडवेलं होतं, आणि त्यात कुणासाठी मागे सरकणं नव्हतं. लंबूने आपला सोलो घेतलाच नाही, नुसता मान हलवून नको म्हणाला. मास्तरांनीच मुखडा परत आणून चाल संपवली आणि शेवटचा सूर पूर्ण विझेपर्यंत पेडल दाबून धरलं.

स्पीकरवरून मालक म्हणाला, "ठीक आहे, मास्तर. वर तुमचंच नाव." मग जरा थांबून म्हणाला, "तेवढं ते मध्ये रिकामं राहिलंय. चुकल्यासारखं वाटतंय. बाई म्हणतायत, कापता येईल."

"राहू द्या," मास्तर म्हणाले.

"लोकांना वाटेल तुम्ही विसरलात."

"वाटू दे."

ते आत गेले तेव्हा दादा खुर्चीतच होते. त्यांनी सॅक्सोफोन गळ्यातून काढला होता आणि फडक्याने पुसत होते. तो त्यांनी मघाशीच पुसून ठेवला असावा, कारण फडकं कोरडंच फिरत होतं. मास्तर शेजारच्या खुर्चीवर बसले. अल्बम आपला झाला याचा आनंद कुठे होतोय का, ते त्यांनी मनात चाचपून पाहिलं. होता, पण त्याला बसायला नीट जागा मिळत नव्हती.

"मुखडा चांगला घेतलास," दादा म्हणाले.

"हं."

दादांनी सॅक्सोफोनचं तोंड पुसलं, मग पुन्हा तेच पुसलं.

"बोलावलंस तू. ऐकलं मी," ते म्हणाले.

"हो, दादा."

"नाही आलो."

मास्तरांनी मान हलवली. काचेपलीकडे लंबू आपला बास मऊ पिशवीत घालत होता. दादांनी फडक्याची घडी केली, ती मोडली, आणि सॅक्सोफोन मांडीवर आडवा घेऊन पुन्हा पुसायला लागले.